जॅझ स्टँडर्ड्स ऐकायची सुरुवात: डायना क्रॉलच्या ‘टर्न अप द क्वाएट’पासून

‘जॅझ ऐकायचंय, कुठून सुरू करू?’ असं विचारलं की समोरचा बहुधा पन्नास-साठच्या दशकातल्या सॅक्सोफोनवाल्यांची भलीमोठी यादी हातात देतो. यादीत खोट काही नसते. पण ज्याचे कान ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीतांवर वाढले, त्याने त्या तबकड्यांमध्ये नेमकं काय ऐकायचं हे कुणी सांगत नाही. मग दोन-तीन संध्याकाळी नेटाने ऐकून माणूस मुकाट्याने भीमसेनजींकडे परततो.

मी स्वतः या वाटेने गेलो आहे आणि माझा सल्ला वेगळा आहे. याद्या बाजूला ठेवा. गाणं आणि पियानो एकाच माणसाकडे असलेला, स्टँडर्ड्सचा एकच अल्बम घ्या आणि तोच पुरवून ऐका. शब्द असल्यामुळे धरायला काहीतरी मिळतं. गाणारी आणि वाजवणारी एकच असल्यामुळे गळा आणि हात एकमेकांशी काय बोलतात हेही लवकर कळू लागतं.

स्टँडर्ड्स म्हणजे कोणती गाणी, ते आधी सांगतो. ढोबळमानाने १९२० ते १९५० च्या दरम्यान ब्रॉडवेच्या संगीतिका, हॉलिवूडचे चित्रपट आणि न्यूयॉर्कचे गीत-प्रकाशक यांच्याकडून आलेली, आणि पुढे जॅझच्या मंडळींनी इतकी वाजवली की प्रत्येक वादकाला पाठ असतात अशी ही गाणी. काही नंतरचीही आहेत. इथे मी ज्या अल्बमवर बोलणार आहे तो आहे डायना क्रॉलचा ‘टर्न अप द क्वाएट’, मे २०१७ मध्ये व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीने काढलेला. त्यात अकरा गाणी आहेत आणि सगळा अल्बम तासाभराच्या आत संपतो.

लागणारं साहित्य

- अल्बम. स्ट्रीमिंगवर सहज मिळतो. सीडी किंवा रेकॉर्ड मिळाली तर उत्तम, कारण त्यावर कुठल्या गाण्यात कोण वाजवतं ते छापलेलं असतं.
- कानावर बसणारे बरे हेडफोन किंवा दोन स्पीकर. मोबाइलचा स्पीकर या कामाचा नाही. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. म्हणजे निम्मी गंमत तिथेच गेली.
- एक वही. ॲप नको, वहीच. का ते सातव्या पायरीत कळेल.
- घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर तो. नसला तरी अडत नाही, पण असला तर सहावी पायरी फार मजेची होते.

इंग्रजी उत्तम असायला हवं असं नाही. पाश्चात्त्य संगीताचं शास्त्र तर अजिबात नको.

पायरी १: ती कुठून परत आली ते पाहून घ्या

हा टप्पा भराभर उरका, पण गाळू नका. क्रॉल मूळची कॅनडाची, ब्रिटिश कोलंबियातल्या नानाइमोची, जन्म १९६४ चा. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकली, मग लॉस एंजेलिसला जिमी रोल्स या पियानिस्टकडे. गाण्याचा आग्रह त्यानेच धरला. तोवर ती स्वतःला पियानिस्टच समजत होती. १९९६ मध्ये तिने नॅट किंग कोलच्या त्रिकुटाला वाहिलेला ‘ऑल फॉर यू’ केला, १९९७ मध्ये ‘लव्ह सीन्स’. या दोहोंत तिचं घर कुठलं ते स्पष्ट ऐकू येतं: पियानो, गिटार, बास आणि खालच्या पट्टीतला किंचित घोगरा आवाज.

नंतर ती बरीच फिरली. तंतुवाद्यांचे मोठे ताफे झाले, ब्राझीलचा बोसा नोव्हा झाला, २००४ मध्ये नवरा एल्व्हिस कॉस्टेलोबरोबर लिहिलेली स्वतःची गाणी झाली, २०१२ मध्ये १९२०-३० च्या दशकांतली धुळीत पडलेली गाणी झाली. २०१५ च्या ‘वॉलफ्लॉवर’मध्ये तिने निर्माता डेव्हिड फॉस्टरबरोबर साठ ते ऐंशीच्या दशकातली पॉप गाणी गायली. त्यातली दोन गाणी आधी ऐका. गळा तोच आहे, पण तिचा पियानो फार कमी ऐकू येतो, आणि ती उणीव तुम्हालाही जाणवली तर ‘टर्न अप द क्वाएट’कडे वळायची योग्य वेळ झाली असं समजा.

या परतीत टॉमी लिप्यूमा हा निर्माता पुन्हा तिच्याबरोबर होता. १९९५ पासून तिचे बहुतेक महत्त्वाचे अल्बम त्याच्याबरोबरचे. ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत झालं. मार्च २०१७ मध्ये, अल्बम बाजारात यायच्या काही आठवडे आधी, लिप्यूमा वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेला.

पायरी २: एकदा सलग ऐका, काहीही न शोधता

शफल बंद करा. स्ट्रीमिंग ॲप आवाजाची पातळी आपोआप सारखी करतं, तेही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कारण हळू आणि जोरात यांतलं अंतर हाच या अल्बमचा मालमसाला आहे. मग आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा. संगीत मंद आहे म्हणून आपण आवाजही मंद ठेवतो, आणि मग ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशची घासण, गिटारच्या तारेवर सरकणारं बोट, ओळीआधीचा श्वास हे सगळं पंख्याच्या घरघरीत बुडून जातं.

सापळा: स्वयंपाक करताना, गाडी चालवताना पहिलं ऐकणं करू नका. हे संगीत पार्श्वभूमीला इतकं बिनतक्रार जाऊन बसतं की पुन्हा समोर आणायला त्रास होतो.

पायरी ३: तीन मेळ कानाने ओळखा

अल्बमवर तीन वेगवेगळे मेळ आहेत. मुखपृष्ठामागची नावं वाचण्याआधी कानाने ओळखायचा प्रयत्न करा. खुणा देतो.

ड्रम्स नाहीत, फक्त पियानो, गिटार आणि बास? मग ते त्रिकूट: गिटारवर रसेल मलोन, बासवर क्रिश्चन मॅकब्राइड. ‘लव्ह सीन्स’चे हेच साथीदार वीस वर्षांनी पुन्हा एकत्र बसले आहेत. ही मांडणी नॅट कोलने रूढ केली आणि ऑस्कर पीटरसनने पुढे नेली. ड्रम्स नसल्यामुळे ठेका कुणीच ‘देत’ नाही, तिघंही तो मनात धरून असतात. मला विचाराल तर या अल्बमचा जीव इथे आहे. (मलोन २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेला. आता हे त्रिकूट पुन्हा बसणं नाही.)

ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरतायत, कुठे मागे व्हायोलिनांचा ताफा उलगडतोय? ते चौकडीचं काम: गिटार अँथनी विल्सन, बास जॉन क्लेटन, ड्रम्स जेफ हॅमिल्टन. क्लेटन आणि हॅमिल्टन तिच्या १९९३ च्या पहिल्या अल्बमपासूनचे. ताफ्याचं संयोजन ॲलन ब्रॉडबेंटचं.

आणि गिटार थोडी खरखरीत, शेजारी एकटी फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजणारं व्हायोलिन? ते पंचक. यात गिटारवर मार्क रिबो, फिडलवर नॅशव्हिलचा स्टुअर्ट डंकन, बासवर बॉब डिलनच्या मेळातला टोनी गार्निए, ड्रम्सवर करीम रिगिन्स, जो हिप-हॉपचा निर्माताही आहे. शेवटचं ‘आय’ल सी यू इन माय ड्रीम्स’ हे १९२४ चं गाणं ऐका, फिडलमुळे लगेच ओळखू येईल.

आणखी एक गोष्ट. अख्ख्या अल्बमवर ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन नाही. जॅझ म्हटलं की तेच कानासमोर येतं, म्हणून ती गैरहजेरी लक्षात ठेवा.

पायरी ४: मोजायला शिका

नवख्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गाणं संपल्यासारखं वाटतं, मग पियानो काहीतरी भलतंच वाजवत सुटतो आणि मग अचानक गाणं मधूनच परत सुरू होतं. हे सगळं आवर्तनात चालू असतं, पण आवर्तन फार लांब असल्यामुळे ध्यानात येत नाही.

‘ब्लू स्काइज’ घ्या. अर्व्हिंग बर्लिनने १९२६ मध्ये ‘बेट्सी’ नावाच्या संगीतिकेसाठी लिहिलेलं हे गाणं. (ती संगीतिका खरं तर रॉजर्स आणि हार्ट या जोडीची. तिच्यात ऐनवेळी दुसऱ्याचं गाणं घुसवलं गेलं आणि तेच गाजलं. त्या दोघांना काय वाटलं असेल!) याचा साचा अ-अ-ब-अ. प्रत्येक तुकडा आठ बारचा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे एक तुकडा बत्तीस मात्रांचा, आपल्या तीनतालाची बरोब्बर दोन आवर्तनं. चार तुकडे मिळून तीनतालाची आठ आवर्तनं झाली की एक फेरा पूर्ण. या फेऱ्याला जॅझवाले कोरस म्हणतात.

मोजायची कृती अशी:

१. गायन सोडून द्या, बास पकडा. बास ठेक्यात चालू लागला की एका मात्रेला एक स्वर असं पाऊल टाकत जातो. त्याच्याबरोबर बोटांवर चार-चार मोजा.

२. ‘अ’ दोनदा येईल, चाल तीच. तिसऱ्या वेळी चाल बदलली की तुम्ही ‘ब’ मध्ये आहात. हा पूल. पुलावरून उतरलात की पुन्हा ‘अ’.

३. गाणं थांबून पियानो किंवा गिटार एकट्याने वाजू लागली तरी मोजणं थांबवू नका. साचा तोच चालू असतो. मूळ चाल मनात गुणगुणत राहा, ती वादनावर बसत जाईल.

४. बरेचदा एकल वादन अर्ध्या फेऱ्यापर्यंत होतं आणि गायिका थेट पुलावर परत येते. मधूनच सुरू झाल्यासारखं वाटायचं ते हेच.

सापळा: समेवर टाळी देऊ नका. आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. ड्रमवाल्याच्या पायाखालची हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, तिथेच मिटते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांकडे बघून जॅझ वादक जे तोंड करतात ते ओळखीचं आहे. गाण्याच्या बैठकीत चुकीच्या जागी ‘वा’ देणाऱ्याकडे आपल्याकडेही तसंच बघतात.

हा डुलणारा ठेका, म्हणजे स्विंग, आपल्याला अगदीच परका नाही, हेही ध्यानात असू द्या. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत वाजवत होते आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडून हे उचलत होते. त्या वादकांना गोव्यातल्या चर्चच्या शाळांमुळे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येई, म्हणून पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते अपरिहार्य झाले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रंपेटवाला अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने १९५१ च्या ‘अलबेला’साठी काम केलं. तेव्हा स्विंग तुमच्या कानात आधीच पोचलेला आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

पायरी ५: गळा सोडा, हात ऐका

आता पुन्हा एखादं त्रिकुटाचं गाणं लावा आणि क्रॉलच्या गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त तिचा पियानो ऐका. जमायला जरा वेळ लागतो.

आपण पेटी घेऊन गाणाऱ्याला लहानपणापासून ऐकत आलो. पेटी गळ्याच्या मागोमाग जाते, जो स्वर गळ्यात तो बोटाखाली, जागा राहिली तर भरून काढते. क्रॉलचा पियानो असं करत नाही. ती जी चाल गाते ती सहसा हाताने वाजवत नाही. हात मधूनच, ठेक्याच्या फटीत, दोन-तीन-चार स्वरांचा गुच्छ टाकतात आणि गप्प बसतात. या साथीला कॉम्पिंग म्हणतात.

तीन गोष्टी शोधा.

एक, ओळ कुठे संपते आणि पियानो कुठे बोलतो. गायिका वेगळी आणि वादक वेगळा असला की वादकाला अंदाज घ्यावा लागतो: आता ही थांबणार की ओढणार? क्रॉलला अंदाज घ्यायचा नसतो. त्यामुळे ओळ मुद्दाम अर्ध्यात सोडून उरलेलं हाताला सांगायला देणं तिला परवडतं.

दोन, ती ठेक्याच्या किती मागे गाते. बास आपल्या जागी चालतोय, आणि शब्द मात्र किंचित उशिरा पडतायत. हात मात्र उशीर करत नाहीत. एकाच शरीरात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. हे करून बघा: तोंडाने एखादी ओळ मुद्दाम मागे ओढत म्हणा आणि हाताने मांडीवर सरळ ठेका धरा. दोन ओळींत हात घसरतो.

तीन, एकल वादनात किती कमी स्वर आहेत. बोटं पळवून दाखवायचा मोह इथे दिसत नाही. काही जणांना हे कमी वाटतं. मला वाटतं, गाणाऱ्या माणसाचं हे वादन आहे. श्वास घ्यायला जिथे थांबावं लागेल तिथे हातही थांबतात.

पायरी ६: षड्ज शोधणं थांबवा

हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानासाठी ही पायरी सगळ्यात अवघड. मी ही सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगणार आहे.

आपल्याकडे तानपुरा लागला की जमीन ठरली. त्यावर गळा फिरतो. प्रत्येक स्वराचा अर्थ त्याचं षड्जापासूनचं अंतर सांगतं. स्टँडर्ड गाण्यात चाल पुष्कळदा साधी, जवळजवळ जागच्या जागी असते, आणि खालची जमीन सरकत असते. नुसती चाल ऐकणाऱ्याला म्हणून हे संगीत पातळ वाटतं. ‘यात काय आहे, दोन स्वरांत तर फिरतंय’ ही तक्रार मी आपल्या मंडळींकडून ऐकली आहे. चालीपुरती ती खरी आहे.

कोल पोर्टरचं ‘नाइट अँड डे’ यासाठी घ्या. १९३२ मध्ये ‘गे डिव्होर्स’ या संगीतिकेत फ्रेड अस्टेअरने पहिल्यांदा गायलेलं. मुख्य गाण्याआधीच्या प्रस्तावनेत, जिला व्हर्स म्हणतात, पोर्टर एकच स्वर तीसहून अधिक वेळा लागोपाठ वापरतो, आणि तरीही ते एकसुरी होत नाही, कारण खाली स्वरांचे गुच्छ बदलत राहतात. व्हर्स ऐकायचा असेल तर एला फिट्झजेराल्डच्या १९५६ च्या कोल पोर्टर साँगबुकमध्ये ऐका. क्रॉलने ‘टर्न अप द क्वाएट’वर याच गाण्याला बोसा नोव्हाचा झुलता ठेका आणि तंतुवाद्यं दिली आहेत.

मुख्य गाण्यातही तीच युक्ती आहे. पेटी असेल तर करून बघा. घरातल्या कुणाला तरी भाता मारायला बसवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. कीबोर्ड असेल तर प्रश्नच नाही.

१. पांढरी एक हा षड्ज धरा. उजव्या हाताने पंचम दाबून ठेवा. तो शेवटपर्यंत सोडायचा नाही.

२. डाव्या हाताने खालच्या सप्तकात कोमल धैवत आणि त्यावर षड्ज, कोमल गंधार. पंचम इथे टोचतो, अधांतरी वाटतो, पण गोड.

३. आता डावा हात पंचम, निषाद, रिषभ यांवर न्या. वरचा पंचम तोच आहे, पण आता तो घरच्या उंबरठ्यावर आल्यासारखा.

४. शेवटी षड्ज आणि गंधार. पंचम शांत.

एकच स्वर, तीन चेहरे. गाण्याच्या पहिल्या ओळीखाली साधारण हेच घडतं. हे एकदा हाताने केलंत की क्रॉल एखादा शब्द नुसता धरून का ठेवते आणि तरी काहीतरी हलल्यासारखं का वाटतं ते उलगडेल. तिथे गळा थांबलेला असतो आणि खाली तिचेच हात घर बदलत असतात.

‘ब्लू स्काइज’कडे आता परत जा. शब्द निळ्या आकाशाचे, आनंदाचे. चाल मात्र मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास छटेत, सुरू होते. आतल्या एका धाग्यात अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरणारी ओळ ऐकू येईल, आणि तुकडा संपेतो सगळं मेजरमध्ये, शुद्ध गंधारावर, येऊन विसावतं. पियानिस्ट थेलोनियस मंकने १९४७ मध्ये याच गाण्याची खालची जमीन बऱ्याच अंशी तशीच ठेवून वर स्वतःची नवी चाल रचली, ‘इन वॉक्ड बड’ नावाने. जमिनीला किती किंमत आहे ते यावरून समजा.

सापळा: ‘हा कोणत्या रागासारखा?’ हा खेळ टाळा. सुरुवातीला मजा येते, पण प्रत्येक वेळी कान पुन्हा चालीवर जाऊन बसतो आणि जमीन निसटते.

पायरी ७: एकाच गाण्याची वेगवेगळी रूपं, आणि वही

अल्बम ओळखीचा झाला की मगच ही पायरी. आपल्याला एकच बंदिश पाच घराण्यांतून ऐकायची सवय आहे, ती इथे सरळ कामाला येते. वहीत प्रत्येक गाण्याला एक पान द्या: कुणी लिहिलं, कोणत्या साली, कशासाठी, आणि खाली तुम्ही ऐकलेली रूपं.

वही यासाठी की स्ट्रीमिंगवर या बाबतीत नुसता गोंधळ आहे. तिथे दिसणारं साल पुष्कळदा नव्या आवृत्तीचं असतं, १९५६ चं गाणं १९९७ चं म्हणून समोर येतं. शब्द देणाऱ्या संकेतस्थळांवर गाणाऱ्यालाच गीतकार करून टाकलेलं असतं. गाण्याच्या तपशिलात जाऊन संगीतकाराचं नाव बघायची सवय लावा, आणि शोधताना गाण्याबरोबर तेच नाव टाका. नाहीतर ‘ड्रीम’ असं नुसतं शोधून बघा. जॉनी मर्सरच्या १९४४ च्या त्या गाण्यापर्यंत पोचेतो संध्याकाळ होईल.

सुरुवातीला या तीन जोड्या पुरेत.

‘एल-ओ-व्ही-ई’: नॅट कोलचं १९६४ चं रूप ऐका. हा त्याचा अखेरचा काळ. फेब्रुवारी १९६५ मध्ये तो गेला. मूळचा अव्वल पियानिस्ट, पण इथे पियानो सोडून उभ्याने गाणारा तारा, मागे दणदणीत ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं. मग क्रॉल ऐका: ब्रास गेला, गाणं पुन्हा पियानोपाशी आलं. ती हे त्याच कॅपिटलच्या वास्तूत गाते आहे, जिला कोलच्या खपामुळे लोक ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणत.

‘स्वे’: मुळात १९५३ चं मेक्सिकन गाणं. इंग्रजी शब्द नॉर्मन गिंबलचे. १९५४ मध्ये डीन मार्टिनने ते मांबोच्या ठेक्यावर नाचवलं. क्रॉलने त्याचा नाच काढून घेऊन ते संथ केलंय. मला सुरुवातीला हे रुचलं नव्हतं, आणि अजूनही अर्धवटच रुचतं. तुम्ही ठरवा.

‘लाइक समवन इन लव्ह’: जिमी व्हॅन ह्यूजेन आणि जॉनी बर्क यांचं, १९४४ च्या एका चित्रपटातलं. अल्बम याच गाण्याने उघडतो. याच्या शेजारी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं १९५७ मध्ये मुद्रित झालेलं, ‘लश लाइफ’ या अल्बममधलं रूप ऐका, ज्यात पियानोच नाही. खालची जमीन वाजवणारं कुणी नसताना सॅक्सोफोन ती कशी सूचित करतो ते बघा. मग, थोडा खोडकरपणा म्हणून, १९९३ च्या ‘डेब्यू’मधलं आइसलंडची गायिका ब्यॉर्कचं, वीणेसारख्या हार्पच्या साथीवर.

पायरी ८: शब्द, पण बेताने

गाण्याचे शब्द आधी वाचू नका, पाच-सहा वेळा ऐकून झाल्यावर वाचा. या गाण्यांची भाषा साधी, बोलीतली आहे. कसब आहे ते यमकांत, आणि यमक कागदापेक्षा कानाला आधी कळतं. लॉरेन्झ हार्टचं ‘इझंट इट रोमँटिक’ त्यासाठी चांगलं. १९३२ च्या ‘लव्ह मी टुनाइट’ या चित्रपटात ते पॅरिसच्या एका शिंप्यापासून सुरू होऊन टॅक्सीवाला, सैनिक असं तोंडोतोंडी फिरत राजकन्येपर्यंत पोचतं. तो प्रसंग मिळाला तर नक्की बघा.

पायरी ९: ‘हे फारच गुळगुळीत आहे’ असं कुणी म्हणालं तर

म्हणतीलच. जाणकारांत क्रॉलला ‘जेवताना लावायचं संगीत’ म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांचं सगळंच चूक नाही: तिच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या काही अल्बमांत तंतुवाद्यं इतकी पसरतात की पियानो दिसेनासा होतो. ‘टर्न अप द क्वाएट’वरही ज्या गाण्यांत ताफा आहे ती मी त्रिकुटाच्या गाण्यांपेक्षा खालीच ठेवतो. पण वर सांगितलेल्या पायऱ्या करून मग ठरवा. मोजता येत नसताना, बास ऐकू येत नसताना हे संगीत गुळगुळीत वाटणारच.

उलट बाजूचा सापळाही आहे. ‘कॉफी जॅझ’, ‘रिलॅक्सिंग जॅझ’ अशा नावांच्या तयार याद्यांत शिरू नका. त्यांत वादकांची नावंही धड नसतात आणि सगळं एकाच वेगाने वाहत राहतं.

पायरी १०: इथून पुढे

क्रम असा ठेवा.

आधी मागे जा: नॅट किंग कोलच्या त्रिकुटाची चाळीसच्या दशकातली ध्वनिमुद्रणं, गिटारवर ऑस्कर मूर. क्रॉलचं व्याकरण इथलं आहे.

मग शर्ली हॉर्न. वॉशिंग्टनची ही गायिका-पियानिस्ट गाणं इतकं संथ घ्यायची की दोन शब्दांमध्ये आपण पुढच्या स्वराची वाट बघत बसतो. आपल्याकडच्या विलंबितावर पोसलेल्या श्रोत्याला ती पटकन भिडते. चार्ल्स एबल्सचा बास आणि स्टीव्ह विल्यम्सचे ड्रम्स वर्षानुवर्षं तिच्याबरोबर होते, ते कान देऊन ऐका. ‘यू वोंट फर्गेट मी’च्या शीर्षकगीतात माइल्स डेव्हिस ट्रंपेटवर आहे.

त्यानंतर ब्लॉसम डिअरी, हॉर्नच्या अगदी उलट: बारीक, खट्याळ आवाज आणि हाताला नेमका पियानो.

मुंबईत असाल तर एनसीपीएच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा, तिथे जॅझच्या मैफली होतात. तिकीट काढताना रंगमंचाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताची, म्हणजे वादकाचे हात दिसतील अशी जागा बघा. गोव्यात असाल तर लॉर्ना कोर्देरोची ख्रिस पेरीबरोबरची कोंकणी गाणी विसरू नका. ती स्टँडर्ड्स नव्हेत, पण हाच ठेका आपल्या शेजारच्या भाषेत कसा बसतो ते तिथे कळतं.

आणि क्रॉलचा २०२० चा ‘धिस ड्रीम ऑफ यू’ सगळ्यात शेवटी ठेवा. लिप्यूमाबरोबरच्या त्याच बैठकांमध्ये मुद्रित होऊन मागे राहिलेली गाणी त्यात आहेत. या वेळी नावं वाचण्याआधी, प्रत्येक गाण्यात कोणता मेळ आहे ते वहीत लिहा आणि मग तपासा.